नाही म्हणायची किंमत

"मॅडम, पुढची चिठ्ठी!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळी दहावी 'ब' हसली.

हसायला कारण होतं. आधीच्या चिठ्ठीत विचारलं होतं, 'मुलगी मुलापेक्षा उंच असली तर प्रेम टिकतं का?' मी सांगितलं होतं, टिकतं, फक्त फोटो काढताना एकाला पायरीवर उभं राहावं लागतं. त्याच्याही आधी एकीने लिहिलं होतं, 'शेजारच्या ताईने दुसऱ्या जातीत लग्न केलं. आई म्हणते तिच्याशी बोलू नको. पण ताई तर तीच आहे ना?' ती चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र कोणी हसलं नव्हतं.

डिसेंबर चालू होता. आमचे मुख्याध्यापक भामरे सर यांनी त्या वर्षी बुधवारचा शेवटचा तास माझ्याकडे दिला होता. वेळापत्रकात नाव 'जीवनकौशल्ये'. खरं काम एवढंच, की मैत्री, आकर्षण, होकार, नकार, यावर या वयाच्या मुलामुलींशी कोणीतरी सरळ बोलायचं. "तुम्ही विज्ञानाच्या, सोनवणे मॅडम. तुम्हाला लाज वाटणार नाही," असं सर म्हणाले होते. मी बुटाच्या खोक्याला फट पाडून ते वर्गात ठेवलं आणि मुलांना शब्द दिला. नाव लिहायचं नाही, आणि कोणाची चिठ्ठी मी कोणाला दाखवणार नाही.

पुढची चिठ्ठी उघडली. जाड, पिवळट कागद. सुटी सुटी, मोठी अक्षरं.

'मुलगी नाही म्हणाली तर नाही म्हणायची किंमत काय असते ते तिला दाखवायचं की नाही? शनिवारी ठरलंय.'

मी ती मनातल्या मनात दोनदा वाचली. पन्नास चेहरे माझ्याकडे बघत होते. त्यांत माझा मुलगाही होता. हर्षल, तिसऱ्या बाकावर, पेनाचं टोपण उघडत आणि लावत.

"याचं अक्षर लागत नाही," मी म्हणाले आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

शिक्षकखोलीत कोणी नव्हतं. तिथे मी तो कागद उलटा केला. मागे निळ्या शाईत अर्धवट फाटलेली छपाई होती. '…वणे बॅटरी सर्व्हिस'. 

माझ्या नवऱ्याचं स्टँडरोडला बॅटऱ्यांचं दुकान होतं. गॅरंटीची कार्डं छापून आणली तेव्हा त्यांवर फोन नंबर चुकला होता. तो सगळा गठ्ठा आमच्याच घरी पडून होता. वाण्याची यादी, दुधाचे खाडे, सगळं आम्ही त्याच कार्डांच्या पाठीवर लिहायचो. ती कार्डं गिऱ्हाइकापर्यंत कधी गेलीच नव्हती.

मी खुर्चीवर बसले. ते अक्षर मुद्दाम बदललेलं होतं, तरी 'र' ओळखू आला. पहिलीत मीच बोट धरून गिरवून घेतला होता.

त्या संध्याकाळी आणि गुरुवारी दिवसभर मी त्याच्याकडे फक्त पाहत राहिले. तो नेहमीसारखा होता. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, क्रिकेटचा स्कोअर विचारला, प्रयोगवहीत डोकं घालून बसला. मी काही विचारलं नाही. विचारावं आणि त्याने खोटं बोलावं, याची भीती होतीच. त्याने खरं बोलावं याची त्याहून मोठी होती.

मुलगी कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. कांचन बाविस्कर. विज्ञान प्रदर्शनात त्या दोघांनी मिळून ठिबक सिंचनाचं मॉडेल केलं होतं, तालुक्यात दुसरं आलं होतं. ती आमच्या घरी दोनदा येऊन गेली होती, माझ्या हातची शेवभाजी खाऊन. पण गेले पंधरा दिवस तिने बाक बदलला होता. हर्षल दारात उभा असला की ती आत यायची थांबायची. हे मी रोज पाहत होते आणि पाहूनही पाहिलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी हे, म्हणजे हर्षलचे पप्पा, दुकानातून आले ते कुरकुरतच.

"ॲसिडच्या कॅनचं बूच उघडं. बाटलीभर तरी कमी झालंय. हात लावतं कोण तिथे?"

मी चहा ओतत होते. तो कपाबाहेर गेला. हर्षल पलीकडे बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

रात्रभर मी त्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून पडले होते.

शुक्रवारी शाळेआधी मी बाविस्करांच्या घरी गेले. कांचनचे वडील एसटीत कंडक्टर, ते ड्यूटीवर होते. आई दारातच शिलाई मशीनवर बसली होती. मला पाहून ती घाईघाईने उठली. "मॅडम, तुम्ही? पोरीनं काही केलं का?"

"नाही हो. प्रदर्शनाचं एक काम होतं तिच्याशी."

कांचन वेणी घालत बाहेर आली. आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ जाऊन उभ्या राहिलो. रात्रभर मी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. तिच्यासमोर त्यातलं एकही आठवलं नाही.

"कांचन, उद्या शाळेत येऊ नकोस. शनिवारची सकाळची शाळा, पाटाच्या रस्त्यावर अंधार असतो, धुकं असतं…"

ती वेणीचं टोक हातात धरून थांबली.

"हर्षलमुळे का, मॅडम?"

मी नळाकडे पाहिलं. तेवढ्यावरून तिला कळलं.

"मी त्याला नीट सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता, कारण आई दारातून बघत होती. "तू चांगला आहेस, पण मला तसं काही वाटत नाही. आपण मॉडेल केलं तसं अभ्यास करू. एवढंच बोलले. तो हसला पण तेव्हा. मग रोज पाटावर सायकल घेऊन उभा राहायला लागला. बोलत नाही, काही नाही. नुसता मागे येतो."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं तर शाळा बंद होईल, मॅडम. त्याची नाही. माझी."

नळाला पाणी नव्हतं, तरी कोणाची तरी कळशी रांगेत ठेवलेली होती. मी त्या कळशीकडेच बघत म्हणाले, "म्हणून सांगते, उद्याचा एक दिवस…"

"मी का घरी बसू?" ती एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाक्य तिने पुरं केलं. "मी काय केलंय? तुम्ही त्याला बसवा ना घरी. तुमचाच आहे तो."

पंधरा वर्षांची मुलगी. मी शाळेत आले आणि पहिल्या तासाला हजेरी घेताना तिचं नाव दोनदा घेतलं.

शुक्रवारी पाचला शाळा सुटली. हर्षल माझ्या आधी घरी पोचला होता. हेही चहाला दुकानातून आले होते. बाहेर अजून ऊन होतं. मी पर्स ठेवली नाही, चप्पलही काढली नाही. तशीच स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठी ओट्यावर ठेवली.

"हर्षल, बाटली कुठे आहे?"

"कसली बाटली?"

"पप्पांच्या दुकानातली."

त्याने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली आणि ओट्यावर टाकली. मला वाटलं, आता ते त्याला धरतील, हलवतील. माझ्या मनात त्या क्षणी आशा होती, हे मी कबूल करते.

"पोरंपोरं काहीबाही लिहितात," ते म्हणाले. "पोरगी कोण?"

"कांचन बाविस्कर. पण तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे. कंडक्टरची पोरगी. घरी यायची, खायची, हसायची. आधी नादी लावायचं आणि मग नाही म्हणायचं. पोराला राग येणारच."

"अहो, ॲसिड नेलंय त्याने!"

"घाबरवायला नेलं असेल. फेकतोय थोडाच. हे बघ, शाळेत एक शब्द काढायचा नाही. दहावीचं वर्ष आहे. त्या बाविस्करला मी बघून घेतो. विषय बंद."

"नाही," मी म्हणाले.

सतरा वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्यांच्यासमोर फार थोड्या वेळा उच्चारला होता. ते एक पाऊल पुढे आले. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही, शेजाऱ्यांना वाटायचं किती सज्जन माणूस.

"काय म्हणालीस? नाही? नाही म्हणायची किंमत काय असते, माहीत आहे ना तुला?"

हर्षलची मान झटकन वर झाली.

चिठ्ठीतलं ते वाक्य बुधवारी वाचलं त्याच क्षणी मी ओळखलं होतं. आमच्या घरचंच होतं ते. स्वतःशीसुद्धा मी ते कबूल केलं नव्हतं. कधी ताट भिंतीवर जायचं, कधी आठ-आठ दिवसांचा अबोला, एकदा थंडीत गच्चीचं दार बाहेरून बंद झालेलं. आणि मी बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना होकार आणि नकार शिकवत होते.

मला पळून जावंसं वाटत होतं. मी डावा हात, त्याचं वाकडं राहिलेलं बोट, हर्षलसमोर धरलं.

"हे बोट दारात सापडलं असं मी तुला सांगितलं होतं. शाळेतही तेच सांगितलं. तू सहा वर्षांचा होतास. दारात नव्हतं सापडलं. तुझ्या आत्याच्या लग्नाला माझ्या पाटल्या मोडायला मी नाही म्हणाले होते."

"गप्प बस," हे म्हणाले.

"नाही."

त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. मी हर्षलकडे बघत होते आणि तो त्या वर गेलेल्या हाताकडे. मग तो वळला आणि जिन्याकडे धावत सुटला.

वर गच्ची होती. मी यांना ढकलून त्याच्या मागे धावले. यांना मी आयुष्यात कधी ढकललं नव्हतं, तो धक्का कसा बसला मला आठवत नाही. जिन्याच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या सोळा पायऱ्यांवर मी देवाकडे काय मागितलं ते कोणाला सांगितलेलं नाही.

पाण्याच्या टाकीखाली हात घालून त्याने बाटली काढली होती. काचेची, शरबताची जुनी बाटली. बूच काढून ती छातीशी धरून तो कठड्याला टेकून उभा होता. खाली गल्ली, मागे मावळतीचं ऊन. तो ती कोणावर ओतणार आहे, खाली, माझ्यावर की स्वतःवर, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नव्हतं.

"हर्षल, ती खाली ठेव."

"पुढे येऊ नको."

मी थांबले. आमच्यात आठ-दहा पावलं असतील. बाटली त्याच्या हातात हलत होती आणि आतलं पाणी काठाशी येत होतं. पाण्यासारखंच दिसतं ते.

"चिठ्ठी मी का टाकली माहीत आहे?" तो म्हणाला. "तुला कळावं म्हणून. कार्डावरच लिहिली मुद्दाम. मला वाटलं, तू वाचशील. वर्गात सगळ्यांसमोर काहीतरी बोलशील. आणि तू म्हणालीस अक्षर लागत नाही."

त्याने बाटलीची पकड बदलली.

"मग म्हटलं, आईकडे पण उत्तर नाहीये."

"घाबरले रे मी," मी म्हणाले. "अक्षर लागलं होतं. तुझंच आहे हे कळलं आणि घाबरले. शिक्षक म्हणून चुकले, आई म्हणूनही चुकले."

"ती नाही म्हणाली," त्याचा आवाज फाटला. "साधं, हसून नाही म्हणाली. जसं काही वही मागितली होती. मग मी कोणीच नाही का?"

"ती नाही म्हणाली म्हणजे ती नाही म्हणाली, हर्षल. एवढंच. त्यात तू कोण आहेस याचं काही नाही. तिला तुझ्यापेक्षा वेगळं वाटतं. वेगळं वाटायची तिला मुभा आहे. तुला वाईट वाटायची मुभा आहे. रड, जेवू नको, महिनाभर तोंड पाडून बस. पण तिच्या वाटेवर उभं राहायची मुभा तुला नाही. एक दिवसही नाही."

तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. आणि रडताना ती बाटली आणखी हलायला लागली. तेवढं अर्धं मिनिट माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब गेलं. मी त्याला जवळ घेऊ शकत नव्हते. हात पुढे केला असता तर तो दचकला असता.

"खाली ठेव," मी पुन्हा म्हणाले, प्रयोगशाळेत सांगते त्या आवाजात. "दोन्ही हातांनी. सावकाश. आता बूच लाव. शाब्बास. आता मागे सरक."

तो सरकला. मी बाटली उचलली. हे वर आलेच नव्हते, दुकानात निघून गेले होते. खालून खाण्याचा सोडा आणि पाण्याची बादली त्यालाच आणायला लावली. ॲसिड थोडं थोडं पाण्यात सोडलं, मग वरून सोडा. फेस वर येत राहिला, बराच वेळ. बाहीवर एक थेंब उडालेला दिसला तेव्हा तो म्हणाला, "आई, धू ते लवकर," आणि स्वतः तांब्या ओतला. नंतर त्याच्या लक्षात आलं असावं, आपण कशावर पाणी ओततो आहोत. तो तिथेच खाली बसला आणि त्याला उलटी झाली.

सहा वाजता आम्ही दोघं भामरे सरांच्या घरी गेलो. हर्षलने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सर म्हणाले, "मुलीला काय हवंय, ते आधी विचारा."

त्याच संध्याकाळी मी कांचनला बाटलीचं सांगितलं आणि तिला काय हवंय ते विचारलं. हर्षलला माफी मागायची आहे असंही सांगितलं.

"नको," ती म्हणाली. "माझ्यासमोर यायचं नाही त्याने. वर्गात नाही, रस्त्यावर नाही. माफी मागायलासुद्धा नाही."

"बरं."

"आणि आईबाबांना मी सांगेन. पण तुम्ही सोबत बसा. शाळा बंद करायची नाही, हे तुम्ही बोला."

मी बसले. तिच्या आईने मला जे ऐकवलं ते ऐकून घेतलं. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. शनिवारी सकाळी साडेसहाला तिचे वडील गणवेश घालून मुलीबरोबर पाटाच्या रस्त्याने चालत शाळेपर्यंत आले, आणि मग ड्यूटीवर गेले.

हर्षल धुळ्याला माझ्या भावाकडे गेला. पूर्वपरीक्षा त्याने तिथल्याच शाळेत दिली. तिथे दर रविवारी भामरे सरांच्या ओळखीच्या एका समुपदेशकांकडे त्याला जावं लागायचं. मीही त्या घरी परत गेले नाही. शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. हे तीनदा न्यायला आले. तिसऱ्या वेळी दाराला आतून कडी घालून मी खिडकीतून बोलले.

पुढच्या बुधवारी मी शेवटच्या तासाला वर्गात गेले. तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती. कांचन खिडकीपाशी बसली होती. ती चिठ्ठी वाचू का, हे मी तिला आधीच विचारलं होतं.

"ही चिठ्ठी मी गेल्या आठवड्यात वाचली नाही," मी म्हणाले. "अक्षर लागत होतं. मी घाबरले होते." आणि मोठ्याने वाचली.

कोणीही हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, तोच जो 'पुढची चिठ्ठी' म्हणून ओरडायचा, उभा राहिला. त्याने विचारलं, "मॅडम, घाबरतात का मुली? आम्ही नुसतं मागे गेलो तरी?"

मी उत्तर द्यायच्या आधी मुलींच्या रांगेतून एक हात वर झाला. मग दुसरा. मग जवळजवळ सगळे. मुलगे मान वळवून ते हात बघत राहिले.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कांचन नाशिकला नर्स आहे असं ऐकते. मी तिला कधी फोन केला नाही, तिनेही केला नाही. तिला तसंच हवं असणार.

हर्षल आता एकतिसाचा आहे. पंपाच्या कारखान्यात सुपरवायझर, माझ्याजवळच राहतो. गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसातली एक मुलगी, मृणाल, त्याला आवडली. तिलाही तो आवडत होता, दोनदा घरी येऊन गेली. एका रविवारी सकाळी तो कपडे करून निघाला तेव्हा म्हणाला, "आई, आज तिला सगळं सांगणार आहे. दहावीतलं."

"सगळं?"

"बाटलीसकट. लग्नाआधी तिला कळायला हवं."

तो गेला आणि मी दाराशी बसले. अकरा वाजले, एक वाजला. माझा मुलगा किती बदलला ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी पाहत होते. तरी दोन वाजता फोन उचलला, ठेवला. मृणालचा नंबर काढला, तोही लावला नाही. उठून मोरीतल्या फरशी धुवायच्या ॲसिडच्या बाटल्या मोजल्या. आईला हे करावं लागतं, आणि आपण केलं हे तिला कोणाला सांगता येत नाही.

सव्वादोनला फाटक वाजलं. त्याने बूट काढले, नीट कडेला लावले. डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाही, पण मला जमणार नाही. मला भीती वाटत राहील."

"मग?"

"मग मी म्हटलं, बरं. तिला रिक्षा करून दिली. तिला माझ्यासोबत यायचं नव्हतं, म्हणून मी थांब्यावरच थांबलो. रिक्षा गेली मग चालत आलो." तो हात धुवायला वळला. नळाखाली बराच वेळ हात धरून उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "आई, जेवायला वाढ. तू पण जेवली नसशील."